देवगिरी चढताना घाम कुठे जातो?

समजा मार्च महिन्याच्या अखेरीस तुमच्या वर्गाची सहल ठरली आहे. सकाळी नऊ वाजता औरंगपुऱ्यात सर्वांनी जमायचे, छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर असलेल्या दौलताबादला बसने जायचे, देवगिरीचा किल्ला माथ्यापर्यंत चढायचा, बारादरीत बसून डबे खायचे आणि दुपारी खाली उतरायचे. प्रत्येकाने पाण्याची एक बाटली आणावी, अशी सूचना फळ्यावर लिहिलेली आहे. हा बेत कसा वाटतो? बहुतेकांना त्यात काही वावगे दिसणार नाही. पण नववी-दहावीत आपण जे भौतिकशास्त्र शिकतो, तेवढ्याच्या आधारे या बेतातील दोन चुका कागदावर मांडून दाखवता येतात. कागद-पेन्सिल घेऊन बसा, म्हणजे वाचता वाचता आकडेमोडही होईल.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. किल्ला उतरल्यावर ‘‘मला तर घामच आला नाही!’’ असे मोठ्या ऐटीत सांगणारा एखादा गडी प्रत्येक सहलीत असतो. मराठवाड्याच्या उन्हात सर्वांत जास्त काळजी करावी ती त्याची. असे का, ते हळूहळू ध्यानात येईल.

चढणीचा हिशेब

देवगिरीचा डोंगर पायथ्यापासून सुमारे २०० मीटर उंच आहे. तुमचे वजन ५० किलोग्रॅम धरू. तेवढे वस्तुमान २०० मीटर वर नेण्यासाठी करावे लागणारे कार्य ५० × ९.८ × २०० = ९८,००० ज्यूल इतके येते. सोयीसाठी १०० किलोज्यूल म्हणू या.

हे कार्य तुमच्या पायांचे स्नायू करतात. मात्र स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नव्हे. अन्नातून मिळालेल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कार्यात उतरतो. बाकीच्या ऊर्जेची उष्णता होते. पाचवा हिस्सा धरला तर १०० किलोज्यूल कार्यासाठी ५०० किलोज्यूल ऊर्जा खर्ची पडते आणि त्यांपैकी ४०० किलोज्यूल उष्णतेच्या रूपाने शरीरातच राहतात.

आता ही उष्णता बाहेर पडलीच नाही तर काय होईल? मानवी शरीराची विशिष्ट उष्माधारकता पाण्यापेक्षा थोडी कमी, म्हणजे दर किलोग्रॅमला दर अंशामागे सुमारे ३.५ किलोज्यूल आहे. म्हणजे ५० किलोग्रॅमचे शरीर १ अंश सेल्सिअसने तापवायला १७५ किलोज्यूल पुरतात. ४०० ला १७५ ने भागा. उत्तर सुमारे २.३ येते. ३७ अंशांवर असलेले तुमचे शरीर माथ्यावर पोहोचेपर्यंत ३९.३ अंशांवर गेलेले असेल. घरी एवढा ताप आला तर आई शाळेत पाठवणार नाही!

आणि या हिशेबात अजून सूर्य आलेलाच नाही. चढायला अर्धा तास लागतो असे धरा. त्या अर्ध्या तासात हृदय, यकृत, मेंदू यांचे रोजचे काम चालूच असते. त्याची उष्णता सुमारे १४० किलोज्यूल होते. उघड्या पायऱ्यांवर चालताना अंगावर पडणारे ऊन, तापलेल्या कातळाकडून येणारी धग आणि अंगाला लागणारा गरम वारा यांतून आणखी अडीचशे किलोज्यूल सहज मिळतात. उन्हाचा हा आकडा ढोबळ आहे. कपड्याचा रंग, टोपी आणि वारा यांप्रमाणे तो पुष्कळ बदलतो. तरीही एकूण बेरीज ८०० किलोज्यूलच्या घरात जाते. तिला १७५ ने भागले म्हणजे साडेचार अंश! ४१ अंशांच्या पलीकडे गेलेल्या शरीरात मेंदू, यकृत व मूत्रपिंडे यांना इजा होऊ लागते. तरी दरवर्षी हजारो माणसे देवगिरी चढतात आणि हसतखेळत खाली येतात. म्हणजे ही उष्णता कुठून तरी बाहेर जात असली पाहिजे.

माठ आणि माणूस

उष्णता गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. बाहेर २५ अंश असताना त्वचेची उष्णता आपोआप हवेत जाते. पण बाहेर ४० अंश झाले की प्रवाह उलटतो आणि हवाच आपल्याला तापवू लागते. मग वहन, अभिसरण आणि प्रारण या तिन्ही वाटा कामाच्या राहत नाहीत. उरते ते एकटे बाष्पीभवन.

औरंगपुऱ्याच्या बाजारातून कुणी नवा माठ घरी आणतो, तेव्हा तो याच तत्त्वावर विश्वास टाकत असतो. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरते, बाहेरच्या पृष्ठभागावरून त्याची वाफ होते आणि त्या वाफेला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून काढून घेतली जाते. आपल्या त्वचेवर घर्मग्रंथींची अशी वीस ते चाळीस लाख छिद्रे आहेत. उकळत्या पाण्याच्या बाष्पनाचा अप्रकट उष्मा दर किलोग्रॅमला २,२६० किलोज्यूल असतो, हे तुम्ही पाठ केलेले असेल. त्वचेच्या तापमानाला तो थोडा जास्त, सुमारे २,४०० असतो. तेव्हा आपले ८०० किलोज्यूल बाहेर काढायला ८०० ÷ २,४०० = एक तृतीयांश किलोग्रॅम, म्हणजे ३३० मिलिलिटर घाम वाळावा लागेल. शरीर हे काम बिनबोभाट करते आणि तापमान फार वाढू देत नाही.

‘वाळावा लागेल’ हा शब्द पुन्हा वाचा. जमिनीवर टपकलेला घाम काही कामाचा नाही. तो फक्त पाणी आणि मीठ घेऊन जातो.

घामाची ही किमया १७७५ साली लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅगडेन या वैद्याने जगासमोर मांडली. त्याने आणि त्याच्या मित्रांनी एक खोली इतकी तापवली, की आतल्या कोरड्या हवेचे तापमान १२७ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले. ब्लॅगडेन त्या खोलीत सुमारे आठ मिनिटे राहून सुखरूप बाहेर आला. त्याच खोलीत ठेवलेली अंडी कडक झाली आणि मांसाचा तुकडा शिजून निघाला! माणूस मात्र शिजला नाही. ब्लॅगडेनने मग आणखी एक सुरेख प्रयोग केला. पाण्याची दोन भांडी आत ठेवली आणि त्यांपैकी एकातील पाण्यावर तेलाचा थर दिला. तेलाखालचे पाणी उकळू लागले, तर उघड्या भांड्यातील पाणी साठ अंशांच्या आसपासच थांबले. तेलाने बाष्पीभवन रोखले होते, एवढाच काय तो दोन्ही भांड्यांत फरक. (हा प्रयोग स्वतः करायला जाऊ नका. तापलेले तेल आणि पाणी ही जोडी फार वाईट.)

अंगाला घट्ट चिकटणारा, हवा न खेळू देणारा कृत्रिम धाग्यांचा जाड कपडा घालून चढणारा मुलगा ब्लॅगडेनच्या तेलाखालच्या पाण्यासारखा असतो. सैल, फिकट रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा का घालावा याचे उत्तर इथे मिळते. शेतकरी भर उन्हात डोक्याला पटका बांधतो आणि अंगभर कपडे घालतो, तेही याच कारणासाठी. उघड्या अंगाला वारा लागतो खरा, पण वर चाळीस अंश असताना तो वारा आणि ते ऊन दोन्ही उष्णता देऊनच जातात.

कोरडे ऊन, दमट ऊन

एकच तापमान सर्व ठिकाणी सारखे बाधत नाही. हे समजण्यासाठी एक सोपे उपकरण तयार करा. प्रयोगशाळेतील दोन सारखे तापमापक शेजारी शेजारी सावलीत टांगा. एकाच्या फुग्याभोवती मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे दुसरे टोक पाण्याच्या वाटीत सोडा आणि दोन्हींवर वहीने वारा घाला. ओल्या तापमापकाचा पारा खाली उतरत जाऊन एका ठिकाणी स्थिर होईल. बाष्पीभवनाने त्या हवेत जास्तीत जास्त किती थंडावा मिळू शकतो, ते हा आकडा सांगतो.

समजा देवगिरीच्या पायथ्याशी हवा ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के आहे. ओला तापमापक सुमारे २३ अंश दाखवील. त्याच दिवशी कोकणातल्या एखाद्या गडाखाली हवा ३४ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल, तर ओला तापमापक २९ अंशांच्या वर राहील. साधा तापमापक पाहणाऱ्याला कोकण थंड वाटेल. घाम गाळणाऱ्या शरीराच्या दृष्टीने मात्र देवगिरीची हवा बरी, कारण तिथे घाम झटकन वाळतो.

जे. एस. हाल्डेन या ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञाने इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या खाणींतील उष्णतेचा अभ्यास करून १९०५ साली दाखवले, की स्थिर हवेत ओला तापमापक सुमारे ३१ अंशांच्या वर गेला की स्वस्थ बसलेल्या माणसाचेही शरीर तापू लागते. मग साधा तापमापक काहीही दाखवो. काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही मर्यादा आणखी खाली येते. तरुण, निरोगी व्यक्तींवर २०२२ च्या सुमारास अमेरिकेत झालेल्या प्रयोगांतही दमट हवेतली मर्यादा ३१ अंशांच्या आसपासच निघाली.

आपल्या राज्याला याचा फार दुःखद अनुभव आलेला आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभासाठी लाखो लोक उघड्या मैदानावर जमले होते. कित्येक तास ते उन्हात बसून होते. उष्माघाताने त्यांच्यापैकी चौदा जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी तिथले तापमान चाळिशीच्या आतच होते. ते लोक कोणताही डोंगर चढत नव्हते, नुसते बसले होते. ‘पारा चाळीसच्या खाली आहे, मग भिण्याचे कारण नाही’ असे म्हणणाऱ्याने ही घटना आठवावी.

आता मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाकडे वळू. इथे घाम लवकर वाळतो हे आपले भाग्य, आणि फसगतही त्यातच आहे. कोकणात सदरा ओलाचिंब होतो, थेंब डोळ्यांत जातात, माणूस आपण होऊन पाणी मागतो. इथे घाम त्वचेवर येतो न येतो तोच वाळून जातो. सदरा कोरडाच राहतो. फार तर कपाळावर आणि कानशिलांवर खरखरीत पांढरा थर हाताला लागतो. तो घामातला क्षार. ‘‘मला घामच आला नाही’’ म्हणणाऱ्या आपल्या गड्याने इतरांइतकेच पाणी गमावलेले असते, पण त्याला त्याचा पत्ता नसतो. म्हणून तो बाटलीही उघडत नाही.

तहान किती खरी?

अर्ध्या तासाच्या चढणीला ३३० मिलिलिटर. चढण संपली तरी ऊन संपत नाही. मध्ये मध्ये थांबणे, माथ्यावर हिंडणे, उतरणे असे चार तास धरले आणि तासाला सरासरी अर्धा लिटर मानला, तर दोन लिटर पाणी अंगातून जाते. ५० किलोग्रॅम वजनाच्या मुलाच्या वजनाचा हा चार टक्के भाग झाला. फळ्यावरच्या सूचनेप्रमाणे एक लिटरची बाटली आणून ती सगळी संपवली, तरी एक लिटरची तूट उरतेच. बेतातील पहिली चूक ती हीच.

तूट आली की काय होते? घामाचे पाणी शेवटी रक्तातूनच येते. रक्ताचे आकारमान कमी झाले की हृदयाला त्याच कामासाठी जास्त वेळा आकुंचन पावावे लागते. शिवाय रक्ताची मागणी दोन बाजूंनी असते. पायांच्या स्नायूंना ते प्राणवायूसाठी हवे असते आणि त्वचेला उष्णता बाहेर टाकण्यासाठी. दोघांनाही पुरेल एवढे रक्त उरले नाही की मेंदूचा वाटा कमी पडतो. डोके दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात. वजनाच्या सुमारे दोन टक्के पाणी गेल्यावर चालण्याची क्षमता घसरलेली दिसून येते. तहान साधारण एक ते दोन टक्के तूट आल्यावर जोर धरते. तिच्यावर विसंबून राहायला मी सांगणार नाही, कारण दोन घोट घेताच ती शमते आणि तूट मात्र तशीच राहते. सहलीत तर गप्पांच्या नादात ती जाणवतही नाही. दर वीस मिनिटांनी पाव लिटरच्या आतबाहेर पाणी घ्यावे, हा नियम सोपा आहे.

तूट ओळखण्याची खूण आपल्या आजी-पणज्यांना ठाऊक होती. ‘उन्हाळी लागली’ असे त्या म्हणत. उन्हात हिंडून आलेल्या माणसाला लघवी थोडी, गडद पिवळी आणि जळजळीत होते. शरीर पाणी राखून ठेवू लागले म्हणजे मूत्रपिंडे कमीत कमी पाण्यात टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकतात, म्हणून हा रंग आणि ही जळजळ. फिकट, लिंबाच्या सरबतासारखा रंग असेल तर पाणी पुरेसे आहे. सकाळपासून दुपारपर्यंत लघवीला जावेच लागले नाही, तर ती काटकपणाची खूण समजू नका. मुलींना एक वेगळे सांगायला हवे. सहलीच्या ठिकाणी स्वच्छतागृहाची सोय नसेल म्हणून अनेकजणी सकाळपासून पाणीच पीत नाहीत. ही अडचण खरी आहे, आणि ती सोडवण्याची जबाबदारी सहल ठरवणाऱ्या शिक्षकांची आहे. जागा ठरवताना त्यांनी आधी या गोष्टीची चौकशी करावी.

घामात क्षारही जातात. एक लिटर घामात साधारण १ ते ४ ग्रॅम मीठ असते. चार तासांच्या सहलीत भाकरी, चटणी, लोणचे खाल्ले तर ते भरून निघते. त्यासाठी वेगळी पुडी फोडायची गरज नाही. मात्र कित्येक तास भरपूर घाम गाळून, काही न खाता, नुसतेच साधे पाणी लिटरमागून लिटर प्यायल्यास रक्तातील सोडिअमचे प्रमाण घसरते. डोके दुखते, उलट्या होतात, माणूस बरळू लागतो. याची लक्षणे उष्म्याच्या त्रासासारखीच दिसतात आणि सोबती त्याला आणखी पाणी पाजतात! तासाला एक लिटरहून अधिक पाणी पिण्याची गरज सहसा पडत नाही.

मीठ आणि साखर एकत्र का द्यायची, यामागचे विज्ञान मोठे मनोरंजक आहे. लहान आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडिअम यांना जोडीने आत घेतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढले जाते, ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या युद्धकाळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिपांत तयार करून रुग्णांना तोंडावाटे पाजायला सुरुवात केली. मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. आज औषधाच्या दुकानात मिळणारी जलसंजीवनीची पुडी ही त्याच विचाराची पुढची पायरी. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त घालू नका. खारट पाणी उलट शरीरातले पाणी ओढते. कैरीचे पन्हे आणि मीठ घातलेले ताक हीदेखील चांगली पेये आहेत. खिशात कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही, असेही लोक म्हणतात. कांदा खिशात काही करीत नाही. भाकरीबरोबर खाल्लेला बरा.

सोबती कोसळला तर

उन्हाचा त्रास पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. आधी पोटऱ्यांत गोळे येतात. मग गळून गेल्यासारखे वाटते, मळमळते, त्वचा गार व चिकट लागते, नाडी जलद चालते. अशा वेळी सोबत्याला सावलीत आडवे करून पाय थोडे उंच ठेवा, कपडे सैल करा, थोडे थोडे पाणी किंवा जलसंजीवनी द्या, वारा घाला. अर्ध्या तासात त्याला बरे वाटू लागते. त्या दिवशी मात्र पुढची चढण त्याने करू नये, आणि खाली उतरताना कुणीतरी त्याच्याबरोबर असावे.

पण तो विचित्र बोलू लागला, प्रश्नांना भलतीच उत्तरे देऊ लागला, तोल जाऊ लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात आहे असे समजून चाला. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेले असते. अनेक जुन्या पुस्तकांत ‘उष्माघातात घाम थांबतो आणि त्वचा कोरडी पडते’ असे लिहिलेले आढळते. घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत ते बऱ्याचदा खरे असते. चढण चढताना उष्माघात झालेल्या तरुणाला मात्र घाम येतच असू शकतो. म्हणून त्वचा पाहत बसू नका, बोलणे पाहा. त्याला त्याचे नाव, वार, शाळेचे नाव विचारा.

अशा वेळी मिनिटांना किंमत आहे. एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि बाकीच्यांनी त्याच क्षणी त्याला थंड करायला लागावे. रुग्णवाहिका येईपर्यंत वाट पाहायची नाही, आणि उचलून खाली पळवत न्यायचे, मग पाहू, असेही करायचे नाही. सावलीत घ्या, वरचे कपडे काढा, सर्वांच्या बाटल्यांतील पाणी त्याच्या अंगावर ओता आणि वह्या, टोप्या, ओढण्या, हाताला येईल त्याने जोरजोराने वारा घाला. आपण मघाशी पाहिलेले बाष्पीभवन तुम्ही त्याच्यासाठी बाहेरून करीत असता. देवगिरीच्या कोरड्या हवेत ते फार चांगले होते. बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघा यांत ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात शरीर थंड झाले तर जीव वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते. शुद्ध नसलेल्या किंवा बरळणाऱ्या व्यक्तीच्या तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जाते. त्याला कुशीवर वळवून ठेवा. तापाची गोळीही देऊ नका. हा ताप जंतूंमुळे आलेला नसल्याने गोळीचा उपयोग होत नाही, उलट आधीच त्रासलेल्या यकृतावर भार पडतो.

बेत पुन्हा मांडू

दुसरी चूक वेळेची आहे. औरंगपुऱ्यातून नऊला निघालेला वर्ग दहाच्या सुमारास चढू लागेल आणि उतरेल तो भर दुपारी, पाणी संपल्यावर. वेधशाळेचा आकडाही इथे जपून वापरावा. चिकलठाण्याच्या वेधशाळेतील तापमान जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत मोजलेले असते. ही पेटी टॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने तयार केली (‘ट्रेझर आयलंड’ लिहिणाऱ्या रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचे हे वडील). तुम्ही त्या पेटीतून चालणार नाही. तुम्ही चालणार काळ्या बेसॉल्टच्या उघड्या पायऱ्यांवरून, आणि तो कातळ दुपारी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. मध्ये लागणाऱ्या अंधाऱ्या भुयारी वाटेत थोडा गारवा मिळतो, पण ती ओलांडली की पुन्हा ऊन. किल्ला बांधणाऱ्यांनी खडकात हौद आणि टाकी खोदून पाण्याची सोय केली होती. आज मात्र ते पाणी पिण्याजोगे समजू नये.

तेव्हा देवगिरी डिसेंबर-जानेवारीत करावा. मार्चअखेरीस जायचेच असेल तर किल्ल्याचे दार उघडताच आत शिरावे आणि अकराच्या आत खाली यावे. दर डोई दोन ते अडीच लिटर पाणी घ्यावे. ओझे होते, पण चढताना ते कमी होत जाते. बाटलीतले पाणी निम्म्यावर आले की माथा कितीही जवळ असो, परत फिरावे. एप्रिल-मेमध्ये त्याऐवजी विद्यापीठाच्या मागची गोगाबाबाची टेकडी किंवा मकबऱ्यापलीकडची लेणी निवडावीत आणि सूर्य उगवताना निघून शाळेच्या वेळेआधी घरी यावे. आदल्या दोन-तीन दिवसांत ताप किंवा जुलाब झालेल्याने येऊ नये, त्याची तूट आधीच झालेली असते. महाबळेश्वरहून कालच आलेल्या मामेभावालाही लगेच चढवू नका. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा ते पंधरवडा लागतो. सवय झाली की घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यातले मीठ कमी होते. चालताना दोघादोघांच्या जोड्या करा आणि रांगेचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याला ठरवू द्या.

आता एक प्रयोग. सकाळच्या सहलीला निघण्यापूर्वी, लघवी करून, कमीत कमी कपड्यांत तुमचे वजन करा. काटा १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा. वाटेत किती पाणी प्यालात आणि काय खाल्ले त्याचे वजन टिपून ठेवा, वाटेत लघवीला गेलात तर तेही लिहा. परत आल्यावर अंग पुसून, तशाच कपड्यांत पुन्हा वजन करा. पहिल्या वजनात प्यायलेले पाणी व खाल्लेले अन्न मिळवा आणि त्यातून दुसरे वजन वजा करा. लघवीला गेला नसाल तर येणारा आकडा बहुतांशी तुमच्या घामाचा असेल, एक किलोग्रॅमला एक लिटर या हिशेबाने. त्याला तासांनी भागून वर्गाच्या फळ्यावर सर्वांचे आकडे लिहा आणि शेजारी ओल्या व कोरड्या तापमापकाची त्या दिवशीची नोंद करा. ज्यांनी ‘‘मला घाम आला नाही’’ असे सांगितले, त्यांच्या आकड्यांभोवती रंगीत खडूने वर्तुळ काढायला विसरू नका.